आंब्याला दोर आहे, माणसाला नाही

फेब्रुवारी लागला की आमच्या धाराशिव जिल्ह्यात चिंच उतरवण्याचे दिवस सुरू होतात. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागात बांधावरची, ओढ्याकाठची, गावठाणातली मोठमोठी झाडे एकेक करून रिकामी होऊ लागतात. पोती भरून टेम्पो बार्शीच्या बाजाराकडे निघतात. घराघरांच्या ओसरीवर बायका चिंच फोडायला बसतात. याच दिवसांत कुठल्या तरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते, 'चिंचेच्या झाडावरून पडून मजुराचा मृत्यू'. गावाचे नाव बदलते, वय बदलते, बातमी तीच असते.

या बातमीत एक गोष्ट कधीच लिहिलेली नसते. त्या माणसाच्या कमरेला दोर होता की नव्हता? लिहायचे कारणच पडत नाही, कारण नव्हता हे सगळ्यांना ठाऊक असते. जगात झाडावर चढणाऱ्यांसाठी दोर, पट्टे आणि गाठी यांचा एक मोठा इतिहास आहे. गेल्या शंभर वर्षांत तो फार वेगाने बदलला. आपल्याकडेही दोर बदलला, चांगलाच बदलला. पण तो चढणाऱ्याच्या कमरेपर्यंत पोहोचला नाही. असे का झाले, हे या लेखात पाहायचे आहे.

उभ्या झाडाचा सौदा

मी बागवान घरातला. 'बागवान' हा फारसी 'बाग़बान' या शब्दावरून आला, म्हणजे बाग राखणारा. मराठवाड्यातल्या बहुतेक बागवानांकडे स्वतःची बाग कधी नव्हती. दुसऱ्याच्या झाडावरचे फळ विकत घ्यायचे, उतरवायचे आणि बाजारात न्यायचे, हा आमचा पिढीजात धंदा. झाड शेतकऱ्याचे, बहुधा मराठा, धनगर किंवा लिंगायत घरचे. फळ धरल्यावर झाडाखाली उभे राहून अंदाज बांधायचा, किती पोती निघतील, गर कसा आहे, भाव काय राहील. मग एक रक्कम ठरते. याला उभ्या झाडाचा सौदा म्हणतात. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, झाडाला एक फेरी मारून जो आकडा सांगत तो फारसा चुकत नसे.

सौदा झाला की चढणारे गडी लागतात. यांत आमच्या नात्यातली पोरे असत, मातंग, पारधी, वडार समाजातले लोक असत, गावातले भूमिहीन असत. मजुरी दिवसावर किंवा पोत्यावर ठरते. चिंच आंब्यासारखी एकेक तोडत नाहीत. फांदीवर उभे राहून फांद्या हलवायच्या, लांब काठीने झोडपायचे, टोकाची फळे आकडीने ओढायची. म्हणजे दोन्ही हात काठीत गुंतलेले आणि पाय फांदीवर. चिंचेचे लाकूड चिवट असते, जांभूळ किंवा शेवग्यासारखे पटकन मोडत नाही, म्हणून चढणाऱ्याचा तिच्यावर विश्वास असतो. घात करते ती मध्येच वाळलेली फांदी, किंवा झोडपताना गेलेला तोल.

आंब्याची गोष्ट वेगळी. जुन्या गावरान आंब्याच्या झाडावर गडी झेला घेऊन चढतो. झेल्यात आलेले आंबे वरच पाटीत किंवा जाळीत जमा करतो. पाटी भरली की तिला दोर बांधून हळूहळू खाली सोडतो, कारण आंबा पडला तर त्याला मार लागतो, मार लागलेला आंबा आढीत सडतो आणि शेजारच्या दहा आंब्यांना सडवतो. खाली उभा असलेला माणूस ओरडून सांगत असतो, 'सावकास, सावकास!' पाटी जमिनीला टेकते. दोर पुन्हा वर जातो.

म्हणजे झाडावर दोर होता. चांगला, मजबूत, आठ-दहा पायल्यांचे वजन पेलणारा होता. तो फळासाठी होता. ज्या माणसाने तो वर नेला, तो त्याच झाडावरून हातापायांच्या भरवशावर उतरत असे. फळाची किंमत सौद्यात धरलेली होती. माणसाची धरलेली नव्हती.

दोर वळणारे हात

हा दोर कुठून येत असे? यंत्राचा दोर येण्याआधी गावात दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुतेदारीची जी मांडणी आहे, तीत हे काम याच समाजाच्या वाट्याला आलेले दिसते. बैलाचा कासरा, गुराचे दावे, मोटेचा नाडा आणि सोल, ओझे बांधायचे चऱ्हाट असे सगळे त्यांच्याच हातून येई. बदल्यात खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. शेतीचे सारे चाक या दोरावर फिरत होते, पण तो वळणाऱ्याला गावाबाहेर राहावे लागत होते, हेही इथेच नोंदवून ठेवले पाहिजे.

दोरासाठी तीन मुख्य वनस्पती होत्या, घायपात, अंबाडी आणि ताग. घायपाताची जाड पाने पाण्यात कुजवून, ठेचून, धुऊन त्यांतून पांढरा वाख काढत. अंबाडीचे दांडे डबक्यात भिजत ठेवून सोपट सोलत. मग वाखाला पीळ देऊन पेड तयार करायचे आणि तीन पेड उलट्या दिशेने एकत्र वळायचे. पेडाचा पीळ एका दिशेला आणि दोराचा दुसऱ्या दिशेला, म्हणून दोर स्वतःहून उलगडत नाही. ही युक्ती कुणा एकाने शोधली असे सांगता येणार नाही. जगभर माणसाने ती हजारो वर्षे वापरली आहे.

वाखाच्या दोराचे काही गुण चढणाऱ्याच्या फार कामाचे होते. तो खरखरीत असतो, त्यामुळे गाठ धरून ठेवतो. तो ताणला जातो तेव्हा करकरतो आणि झिजला की त्याची कुसे बाहेर येतात, म्हणजे तुटण्याआधी सांगतो. अवगुणही होते. पाण्याने कुजतो, उंदीर कुरतडतात, दरवर्षी नवा लागतो.

एका खोडाचे झाड आणि अनेक फांद्यांचे झाड

झाडावर चढताना माणसाने दोर वापरलाच नाही असे नाही. ज्या झाडाला फांद्याच नाहीत तिथे तो फार आधी वापरला गेला. खजूर, ताड, शिंदी, नारळ यांना एकच उभे खोड. पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने खजुरावर चढणाऱ्यांचे वर्णन केले आहे. माणूस स्वतःभोवती आणि खोडाभोवती मिळून एक विणलेले कडे घालतो आणि ते कडे त्याच्याबरोबर वर सरकत जाते. हीच रीत अरबस्तानात आजही आहे. इराकमध्ये या पट्ट्याला 'तबलिया' म्हणतात, ओमान आणि अमिरातींत 'हाबूल'. अरबीत दोराला 'हबल' म्हणतात, हे ध्यानात घेतले की शब्दाचे नाते कळते. पाठीला टेकेल असा रुंद विणलेला भाग आणि खोडाला वेढणारा दोर. माणूस मागे रेलला की दोर खोडाला घट्ट बसतो. पुढे झुकला की सैल होतो आणि वर ढकलता येतो. खजुराच्या जोपासनेचे ज्ञान आणि परंपरा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेल्या.

याच तत्त्वावर आपल्या शेजारच्या तेलंगणात ताडी उतरवणारे गौड समाजाचे लोक 'मोकू' वापरतात. एकेकाळी ते आणि आपण एकाच राज्यात होतो, त्याकडे पुढे येऊच.

चिंच आणि आंबा यांना मात्र हे कडे चालत नाही. खोड दोन कवेत मावत नाही आणि पहिली फांदी आली की कडे सोडावे लागते. सोडले की माणूस मोकळा झाला. जिथे फांद्या पसरलेल्या आहेत तिथे दोर खोडाभोवती नको, वरून लटकता हवा. वरच्या भक्कम बेचक्यातून दोर टाकायचा आणि माणसाने त्याच्या आधाराने हवे तिथे जायचे. मग प्रश्न येतो की माणूस त्या दोराला बांधायचा कसा? पक्की गाठ मारली तर हलता येणार नाही. सैल ठेवली तर पडल्यावर दोर धरणार नाही. हवी अशी गाठ, जी हाताने सारली तर सरकेल आणि वजन पडले तर जागच्या जागी धरेल. इंग्रजीत हिला 'फ्रिक्शन हिच' म्हणतात. आपण पकडगाठ म्हणू.

पकडगाठ कशी धरते

हिचे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय माहीत आहे. अवखळ बैल ओढ घेऊ लागला की गडी कासऱ्याचे दोन वेढे झाडाच्या बुंध्याला किंवा खुंट्याला देतो आणि मग एका हाताने बैल धरतो. वेढा वाढला की पकड नुसती बेरजेने वाढत नाही, पटीने वाढते. पकडगाठीत हेच होते, फक्त खुंट्याच्या जागी दुसरा दोर असतो. एक दोर सरळ लटकलेला, दुसऱ्याचे वेढे त्याच्याभोवती. वजन पडले की वेढे आवळतात आणि सरळ दोराला किंचित वाकवून चावा घेतात. वजन काढून वेढे हाताने सारले की ते सैल होतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत झाडांची निगा राखणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला होता. त्याचा पाया घालणाऱ्यांत जॉन डेव्ही हा मूळचा इंग्लंडचा माळी होता. १९०१ मध्ये त्याने 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक काढले. या व्यवसायातले कामगार मनिला दोर वापरत. हा दोर फिलिपिन्समधल्या अबाका नावाच्या, केळीच्या कुळातल्या झाडाच्या धाग्याचा. दोर वरच्या बेचक्यातून टाकायचा, एक टोक कमरेच्या पट्ट्याला बांधायचे आणि उरलेल्या शेपटाचे वेढे दुसऱ्या बाजूच्या दोराला द्यायचे. ही 'टॉटलाइन' गाठ, म्हणजे तंबूचे दोर ताणायला वापरतात तीच. खरखरीत मनिलावर ती छान बसे.

तिकडे डोंगर चढणाऱ्यांमध्ये १९३१ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकाने एक गाठ प्रसिद्ध केली. पातळ दोरीचे कडे करून ते जाड दोराभोवती दोन-तीनदा आतून काढायचे. अशी दोन कडी असली की माणूस लटकत्या दोरावर स्वतःला वर चढवू शकतो. पहिल्या महायुद्धात वाद्यांच्या तुटलेल्या तारा जोडण्यासाठी त्याने ही गाठ वापरली होती असे सांगतात. पुढे गुहा धुंडाळणाऱ्यांनी, बचाव पथकांनी आणि वृक्षकामगारांनी तिच्यात आपापल्या गरजेप्रमाणे फेरफार केले.

नायलॉन आले आणि गाठी घसरल्या

मग दोर बदलला. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत नायलॉन तयार झाले आणि १९३८ मध्ये ते जगापुढे आले. १९४२ मध्ये जपानने फिलिपिन्स घेतले तसा अमेरिकेला मनिला दोराचा पुरवठा तुटला आणि नायलॉनच्या दोराला युद्धाचे काम मिळाले. युद्ध संपल्यावर तो डोंगरात आणि झाडावर आला. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिड कंपनीने आत सरळ धाग्यांचा गाभा आणि बाहेर विणलेले आवरण असा दोर बाजारात आणला. मजबूत, न कुजणारा, झटका सोसणारा.

अडचण एकच होती. नवा दोर गुळगुळीत होता. वाखावर आणि मनिलावर जी गाठ घट्ट बसे ती नायलॉनवर हळूहळू सैल होई. दुसरी अडचण उष्णतेची. गाठ वेगाने सरकली की घर्षणाने तापते. मनिला फार तर करपतो, नायलॉन वितळते. म्हणजे दोर सुधारला आणि त्यामुळेच जुनी गाठ धोक्याची झाली.

तिकडे याला उत्तर शोधले गेले. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक गाठ मांडली. तीच गाठ अमेरिकेच्या जेसन ब्लेक यांना स्वतंत्रपणे सापडली आणि १९९४ मध्ये त्यांनी ती वृक्षकामगारांच्या मासिकातून सांगितली. आज ती 'ब्लेक्स हिच' म्हणून ओळखली जाते. चार वेढे खालून वर, मग टोक खाली आणून तळच्या दोन वेढ्यांच्या आतून काढायचे. ती गुळगुळीत दोरावरही आपोआप सैल होत नाही. पुढे वेढ्यांसाठी मुख्य दोराचे शेपूट न वापरता वेगळी लहान दोरी आली, म्हणजे ती झिजली की तेवढीच बदलायची. मग त्या दोरीसाठी उष्णता सोसणारे धागे आले. २०१० नंतर गाठीची जागा घेणारी 'झिगझॅग'सारखी धातूच्या कड्यांची अवजारे आली. गुहावाल्यांकडून एकाच स्थिर दोरावर चढण्याची रीतही वृक्षकामगारांनी उचलली.

या सगळ्यात मला महत्त्वाचे वाटते ते असे. हे शोध मोठ्या प्रयोगशाळांतून आले नाहीत. झाडावर काम करणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या चुका आणि युक्त्या लिहून काढल्या, मासिकांत छापल्या, संघटनांनी त्यांचे नियम केले. दोर बदलला की गाठ बदलली पाहिजे, हे कुणीतरी पाहत होते.

आपल्याकडे काय झाले

आपल्याकडेही वाखाचा दोर गेला. विहिरींवर इंजिने आणि मोटारी आल्या तशी मोट गेली आणि तिच्याबरोबर नाडा-सोल गेले. ट्रॅक्टरने कासरा कमी केला. उरलेसुरले काम आठवडी बाजारातल्या निळ्या, पिवळ्या, हिरव्या दोराने घेतले. दोर वळणाऱ्या मातंग घरांचा धंदा बसला. बलुते तर आधीच गेले होते. जे कौशल्य जातीच्या नावाने लादले होते ते बाजाराने काढून घेतले आणि बदल्यात काही दिले नाही.

बाजारातल्या या रंगीत दोराला आपण सरसकट 'नायलॉन' म्हणतो. त्यातला बराचसा नायलॉन नसतोच. तो पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीनचा असतो. स्वस्त, हलका, पाण्यावर तरंगणारा. नायलॉन वितळायला २२० अंशांच्या वर तापमान लागते. पॉलिप्रोपिलीन १६५ च्या आसपास वितळते आणि पॉलिएथिलीन त्याहून आधी. शिवाय उन्हात राहिला की तो ठिसूळ होतो, हाताला त्याचा भुगा लागतो. पोती बांधायला आणि आंब्याची पाटी सोडायला हा दोर ठीक आहे. यावर पकडगाठ मारून माणूस लटकवणे म्हणजे जीव धोक्यात घालणे आहे. हे वाचून कुणी घरच्या दोराने प्रयोग करू नये, म्हणून मुद्दाम लिहितो.

म्हणजे आपण एका विचित्र जागी उभे आहोत. सांगून तुटणारा जुना दोर गेला. नवा दोर आला तो माणसासाठी बनलेलाच नाही. आणि मधल्या काळात जगाने ज्या गाठी, पट्टे, अवजारे तयार केली ती चिंचेच्या झाडाखाली आलीच नाहीत. चढणारा गडी मात्र आहे तसाच आहे, अनवाणी आणि मोकळा.

एकच संस्थान, दोन वाटा

तेलंगणाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आबकारी हा महसुलाचा मोठा आधार होता आणि त्यात शिंदी-ताडीचा वाटा मोठा होता. शिंदीची झाडे मराठवाड्यातही ओढ्याकाठी भरपूर होती. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात निजाम सरकारचा महसूल बुडवण्यासाठी ठिकठिकाणी शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम झाला. पुढे १९५६ मध्ये संस्थानाचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला, जिथे दारूबंदीचा कायदा होता. इथला शिंदी उतरवण्याचा धंदा मागे पडत गेला. तेलंगणात मात्र तो टिकला. ताडी उतरवणाऱ्यांच्या सहकारी सोसायट्या झाल्या, एक मोठा समाज त्या धंद्यावर संघटित राहिला आणि मतपेटीत त्याचे वजन राहिले.

परिणाम असा की जुलै २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने ताडी उतरवणाऱ्यांसाठी 'काटमय्या रक्षण कवचम' नावाने सुरक्षा संच द्यायला सुरुवात केली. काटमय्या हे गौड समाजाचे दैवत. संचात पट्टे, दोर, कड्या आहेत आणि ते वापरण्याचे शिक्षणही दिले जाते. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना यंत्राने नारळावर चढण्याचे शिक्षण दिले आणि चढणाऱ्यांसाठी 'केरा सुरक्षा' हा विमा काढला. कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'नूतन झेला' तयार केला, जेणेकरून हापूस देठासह निघावा आणि बरेचसे काम जमिनीवरून व्हावे.

आपल्याकडे मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'प्रतिष्ठान'सारखे चिंचेचे वाण दिले. कलमी झाड लवकर फळते आणि जुन्या झाडांच्या मानाने बुटके राहते, हे चांगलेच आहे. पण आज बार्शीला जाणारी बरीचशी चिंच आजोबा-पणजोबांच्या काळातल्या झाडांवरून येते. ती झाडे बुटकी होणार नाहीत. त्यांच्यावर कुणीतरी चढणारच आहे.

तो कुणीतरी संघटित नाही. तो बागवान असेल, मातंग असेल, पारधी असेल. वर्षाचे दोन महिने तो चिंच झोडपतो, नंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातो. त्याच्या कामाला सरकारी कागदावर नाव नाही. त्याचे दैवत एक नाही, जात एक नाही, म्हणून त्याच्या नावाने योजना निघत नाही.

नशिबाच्या नावावर

अशी माणसे पडतात तेव्हा गावात म्हणतात, 'त्याची तेवढीच होती.' आमच्या मोहल्ल्यात म्हणतात, 'नसीब.' दोन्हींचा अर्थ एकच, आणि तो सगळ्यांना सोयीचा आहे. झाडाचा मालक सुटतो, सौदा करणारा सुटतो, सरकार सुटते. मला यावर मुसलमान वाचकांना एकच आठवण द्यायची आहे. आधी उंट बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांची शिकवण आपण वाझमध्ये शेकडो वेळा ऐकली आहे. ती शिकवणच दोराची आहे. बांधल्याशिवाय ठेवलेला भरवसा म्हणजे तवक्कुल नव्हे. उंटाला जो न्याय, तो आपल्या झाडावर चढलेल्या पोराला का नसावा?

कागदावरचे वास्तवही पाहू. महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात आणि उंचावरून पडणेही त्यात धरले आहे. पण ती योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. म्हणजे झाडाचा मालक स्वतः चढून पडला तर त्याच्या घराला आधार आहे. त्याच झाडावरून भूमिहीन गडी पडला तर नाही. एकच झाड, एकच फांदी, पण हिशेब दोन.

भूमिहीनासाठी एक छोटी वाट आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या कुणालाही वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. तिच्या नियमांत झाडावरून पडण्याचा उल्लेख आहे. अशा वेळी लगेच रुग्णालयात नेल्याची नोंद पुरावा म्हणून धरली जाते. विमा १ जून ते ३१ मे असा चालतो, त्यामुळे चिंचेचा आणि आंब्याचा हंगाम त्यात येतो. एका सौद्यात चार गडी असतील तर ८० रुपये. एका पायली चिंचेइतकाही हा खर्च नाही.

विमा मात्र पडल्यानंतरचा आहे. पडू नये म्हणून काय करायचे? पुण्या-मुंबईपासून सोलापूर-लातूरपर्यंत गिर्यारोहणाच्या संस्था आहेत, त्यांच्याकडे दोर आहेत, पकडगाठी शिकवणारे लोक आहेत. उन्हाळ्यात त्या शहरातल्या मुलांची शिबिरे घेतात. एखादे शिबिर जानेवारीत कळंबला किंवा भूमला, चिंचेच्या झाडाखाली का होऊ नये? सौदा करणाऱ्या आमच्या बागवान भावांनी प्रत्येक टोळीमागे एक प्रमाणित पट्टा आणि एक खरा दोर घेतला, तो उन्हातान्हात न टाकता पोत्यात जपून ठेवला, तर तो अनेक हंगाम टिकतो. जमातीच्या बैठकीत आपण कमान कुणी उभारायची आणि मंडप किती मोठा घालायचा यावर तासन्‌तास बोलतो. या विषयावर अर्धा तास बोललो तरी पुरे. आणि सौदा ठरवताना पोत्यांच्या अंदाजाबरोबर एक ओळ वाढवावी, चढणाऱ्याचा विमा आणि दोर कोण देणार.

शेतकरी म्हणेल, मागे कधी असे नव्हते. खरे आहे. मागे मोटेला मोटारही नव्हती. धंद्यात जे फायद्याचे ते आपण सगळ्यांनी पटकन घेतले, रंगीत दोरसुद्धा. जगाने झाडावरच्या माणसासाठी शंभर वर्षे खपून जी गाठ तयार केली, तेवढी घ्यायची राहिली आहे. यंदाचा चिंचेचा मोहोर धरायला अजून अवकाश आहे. तोवर ठरवता येईल.